हिच आहे म्हणून दोर लावायचा नसतो

"हिच आहे की मागं, लाव की दोर!"

हिंडलग्यात राहणाऱ्या माणसाला पावसाळ्यातल्या रविवारी हे वाक्य हमखास ऐकू येतं. आमच्या गावावरून जाणारा वेंगुर्ला रस्ता सुळगा, उचगाव फाटा, बाची करत शिनोळीला महाराष्ट्रात शिरतो आणि चंदगडवरून पुढे आंबोली गाठतो. जुलैत या रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची लावण चालू असते. डांबर सोडून चार हात खाली उतरलं की तांबडा चिखल. बेळगावातून सकाळी निघालेल्या थार, जिम्नी, बोलेरो, जुन्या जिप्सी कुठे धबधब्याच्या, कुठे राकसकोपच्या वाटेला लागतात आणि त्यांतली एखादी बांधाजवळ रुतते. मग दुसरी गाडी तिच्याकडे पाठ करून उभी राहते. या दुसऱ्या गाडीच्या मागे एक चौकोनी नळी असते, नळीत जीभ, जिभेवर लोखंडी गोळा. या सगळ्याला मिळून हिच म्हणतात. कुणीतरी पट्ट्याचा फास त्या गोळ्यात अडकवतो, आणि कुणीतरी ड्रायव्हरला ओरडून सांगतो, "थोडा मागं ये, मग दे हिसका!"

मागच्या पावसाळ्यात मी अशा एका हिसक्याच्या आड उभा राहिलो. शब्दशः आड, दोन गाड्यांच्या मध्ये, कारण तोंडी सांगून कुणी थांबेना. बेळगावच्या उद्यमबागेत मी सत्तावीस वर्षं फॅब्रिकेशन केलं आहे, आता गावातच लहानशी शेड आहे, आणि ज्या गोळ्याला तो पट्टा अडकवला होता तो कसा बनतो, कसा बसवतात आणि कुठे तुटतो हे मला माहीत आहे. त्या पोरांपैकी एकाने, जो चांगला शिकलेला आहे, भर पावसात अर्धा तास माझ्याशी वाद घातला. त्याचे मुद्दे त्याच्या एकट्याचे नाहीत. माझ्या शेडमध्ये हिच बसवायला येणारा दर दुसरा माणूस तेच बोलतो. पावसात मला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे देतो.

त्याचा पहिला मुद्दा आकड्याचा होता. "काका, गोळ्यावर ३५०० किलो कोरलंय. माझी गाडी पावणेदोन टनांची. दुप्पट ताकद आहे की!"

हा आकडा खरा आहे, पण तो गोळ्याच्या ओढ सहन करण्याच्या ताकदीचा नाही. मागे चाकांवर पळणारा ट्रेलर किती वजनाचा असावा, त्याची ती मर्यादा आहे. या दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. साडेतीन टनांचा ट्रेलर सपाट डांबरी रस्त्यावर एका वेगाने ओढत न्यायला पन्नास-साठ किलोंचा जोर पुरतो, कारण चाकं फिरतात. दहात एक असा घाटाचा चढ लागला तरी तो जोर चारशे किलोंच्या आसपास जातो. गोळा या कामासाठी घडवलेला असतो. चिखलात रुतलेली गाडी मात्र चाकांवर पळत नाही, तिला चिखलाने धरून ठेवलेलं असतं. लष्करी गाड्या काढण्याच्या अमेरिकी पुस्तिकांमध्ये यासाठी एक ढोबळ हिशेब दिलेला असतो : चाकांएवढा चिखल असेल तर गाडीच्या वजनाएवढा विरोध, मडगार्डपर्यंत गेली तर वजनाच्या दुप्पट, त्याहून वर गेली तर तिप्पट. म्हणजे मडगार्डपर्यंत रुतलेली पावणेदोन टनांची थार हलवायलाच साडेतीन टनांची ओढ लागते. आकड्याला आकडा जुळला असं वाटेल, पण एक आकडा चाकांवरच्या वजनाचा आहे आणि दुसरा निव्वळ ओढीचा. बरं, ही ओढही सावकाश लावलेली धरली आहे. हिसक्याचा हिशेब वेगळा, त्याकडे मी येतोच.

शिवाय गोळ्याचा आकारच या कामाच्या विरुद्ध आहे. वरून जाड, खाली मान बारीक, त्याखाली आट्यांचा दांडा. पट्टा गोळ्याच्या मानेत बसतो आणि ओढतो आडवा, म्हणजे सगळा जोर त्या उभ्या दांड्याला मुळातून वाकवायला जातो. ओढ थोडी वरच्या दिशेला गेली, गाडी बांधावर चढताना ती जातेच, की फास गोळ्यावरून सुटून येतो. ट्रेलरचा कपलर गोळ्याला वरून झाकतो आणि खालून कुलूप लावतो, म्हणून तो निघत नाही. पट्ट्याच्या फासाला असं काहीच धरून ठेवत नाही.

दुसरा मुद्दा अधिक वजनदार होता आणि मला खरं उत्तर त्यालाच द्यायचं आहे. "आमच्या भागात ट्रॅक्टरवाले जन्मभर हेच करतात. उसाची ट्रॉली फसली की मागं साखळी लावतात आणि काढतात. त्यांना काय होतंय? त्यांना चालतं ते थारला का नाही चालणार?"

हा मुद्दा मी टाकाऊ समजत नाही. आमच्या सीमाभागात रुतलेली गाडी काढण्याचं खरं ज्ञान ट्रॅक्टरवाल्यांपाशीच आहे. माझे दाजी निपाणीजवळ ऊस करतात. तिथली जमीन काळी, चिकण. एकदा भिजली की बुटाला धरून ठेवते, मग भरलेल्या ट्रॉलीचं विचारायलाच नको. गळीत हंगामात अवेळी पाऊस आला की फडातून रस्त्यावर येईपर्यंत दोन-दोन ट्रॅक्टर एकापुढे एक लावावे लागतात. वाद झाला त्याच आठवड्यात मी दाजींकडे गेलो आणि त्यांना सरळ विचारलं, साखळी लावता ती कशी लावता?

"आधी साखळी ताठ करायची," दाजी म्हणाले. "इंजिन हळू, लो गिअर, क्लच बेतानं सोडायचा. साखळी ताठ झाली की थांबायचं, माणसं लांब गेली का बघायचं, मग ओढायचं. ढिली साखळी पळवत ताणलास तर कडी तुटणार. आणि तुटलेली कडी कुणाकडं जाईल ते सांगता येत नाही बघ."

"आणि लावता कुठं?"

"खाली. ड्रॉबारला. वरच्या लिंकला लावणारा एकतर नवखा, नाहीतर त्याला जीव नको झालाय."

ही शेवटची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. ट्रॅक्टरचा ड्रॉबार मागच्या आसापेक्षा खाली असतो. ओढ तिथून गेली तर पुढची चाकं जमिनीला टेकून राहतात. तीच साखळी आसाच्या वर, टॉप लिंकच्या कानाला बांधली आणि मागची चाकं चिखलात घट्ट बसलेली असली, तर इंजिनाचा जोर चाकं फिरवण्याऐवजी ट्रॅक्टरच आसाभोवती फिरवू लागतो. नाक उचलतं आणि ट्रॅक्टर चालकासकट मागे उलटतो. तो परत खाली येणार नाही अशा बिंदूपर्यंत जायला पाऊण सेकंद पुरतो. क्लच दाबायचा हे डोक्यात येईपर्यंत ती वेळ गेलेली असते. दाजींसारख्या लोकांना हे कुणी शाळेत शिकवलेलं नाही, पण जोडणीचा बिंदू ते चुकू देत नाहीत.

आता ट्रॅक्टरचा दाखला देणाऱ्यांना माझं सांगणं असं आहे की दाखला घ्यायचा तर पुरता घ्या. ट्रॅक्टरवाल्याच्या ओढण्यात तीन गोष्टी आहेत : जोडणीचा बिंदू खाली आणि भक्कम, साखळी आधी ताठ, ओढ सावकाश. तुम्ही त्याच्याकडून घेतली ती चौथीच गोष्ट, "मागं काहीतरी लावायचं", आणि या तिन्ही सोडून दिल्या. तुमचा बिंदू म्हणजे गोळ्याची मान. तुमचा पट्टा जमिनीवर सैल पडलेला. आणि तुमची ओढ म्हणजे धाव घेऊन दिलेला हिसका. ज्या अनुभवाच्या जोरावर तुम्ही मला गप्प करू पाहता, तो अनुभव तुमच्या विरुद्ध साक्ष देतो.

हिसक्याचा हिशेब आता करू. ट्रॅक्टरची सावकाश ओढ त्याच्या चाकांच्या पकडीपेक्षा जास्त होऊच शकत नाही. पकड सुटली की चाकं जागच्या जागी फिरतात, बस. हिसक्याला ही मर्यादा नाही. तिथे ओढतं ते धावत्या गाडीचं वजन आणि वेग. दोन टनांची गाडी ताशी १५ किलोमीटरने धावत असेल तर तिच्यात सुमारे १७,००० जूल ऊर्जा असते. हे समजत नसेल तर असं समजा की ती गाडी तीन फूट उचलून खाली सोडली. वेग दुप्पट केला, ताशी ३० केला, तर ऊर्जा चौपट होते, म्हणजे तीच गाडी साडेतीन मीटरवरून, एका मजल्याहून जास्त उंचीवरून पडली. ही सगळी ऊर्जा पट्ट्याने झेलायची असते. रबरासारखा ताणणारा नायलॉनचा रिकव्हरी पट्टा साधारण ९ मीटरचा असतो आणि पाचव्या हिश्शाने लांबतो, म्हणजे सुमारे १.८ मीटर. तेवढ्या लांबण्यात १५ च्या वेगाची धाव थोपवायची तर शेवटच्या टोकाला ओढ दोन टनांच्या आसपास जाते. ३० च्या वेगाला तेवढ्याच लांबण्यात ती आठ टनांकडे जाते. चाकं थोडी घसरतात, रुतलेली गाडी थोडी हलते, म्हणून प्रत्यक्षात आकडा जरा उतरतो, पण वेग दुप्पट केला की पट्ट्याने झेलायची ऊर्जा चौपट होते हे गणित उतरत नाही. वेगाचा काटा १५ वरून ३० वर जायला दोन सेकंद लागतात, आणि चिडलेला पोरगा तो नेतोच.

आणि पट्ट्याऐवजी साखळी किंवा वायर रोप लावून हिसका दिला तर? साखळी ताणत नाही. सगळं मिळून पाच सेंटीमीटर दबलं-लांबलं असं धरलं तर १५ च्याच वेगाला हिशेब सत्तर टनांवर जातो. अर्थात तिथपर्यंत काहीच टिकत नाही. कडी, हुक, दांडा, चेसिसचा कान, यांतलं जे सर्वांत कमजोर ते आधीच तुटतं. दाजी साखळी ढिली ठेवून ओढत नाहीत त्याचं कारण हेच, फक्त त्यांनी ते कागदावर मांडलेलं नाही.

जे तुटतं ते जातं कुठे, हे मला त्या पोराला दाखवायचं होतं आणि पावसात दाखवता आलं नाही. पन्नास मिलिमीटर व्यासाचा भरीव लोखंडी गोळा अर्ध्या किलोहून थोडा जास्त भरतो. मानेतून तुटल्यावर ताणलेला पट्टा त्याला आपल्याबरोबर ओढून नेतो, गोफणीतल्या दगडासारखा. पट्ट्यातल्या १७,००० जूलपैकी फक्त दहावा हिस्सा गोळ्याला मिळाला असं धरा. तेवढ्याने तो ताशी ३०० किलोमीटरच्या वेगाने निघतो. त्याची दिशा ठरलेली असते. पट्टा जिकडे आखडतो तिकडे, म्हणजे रुतलेल्या गाडीकडे. तिच्या काचेमागे स्टिअरिंग धरून बसलेला माणूस त्या रेषेत असतो. वाद चालला होता तेव्हा त्या जागी एक एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा बसलेला होता आणि तो मोबाईलवर गाणं बदलत होता.

हे मी भीती घालायला लिहीत नाही. ऑस्ट्रेलियात गाड्या घेऊन रानात जाण्याची रीत आपल्यापेक्षा खूप जुनी आहे आणि तिथे तुटलेल्या टो-बॉलने, म्हणजे अशाच गोळ्याने, माणसं मेली आहेत. त्या देशाने २०१० साली रिकव्हरी पट्ट्यांसाठी सक्तीचं सुरक्षा मानक केलं. पट्ट्याची तुटण्याची ताकद गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट असावी, आणि पट्टा टो-बॉलला किंवा गाडी ट्रकवर बांधून नेण्यासाठी दिलेल्या कड्यांना कधीही अडकवू नये, हा इशारा तिथे प्रत्येक पट्ट्यासोबत द्यावा लागतो. ज्यांनी हा इशारा लिहिला त्यांच्याकडेही ३५०० किलो कोरलेले गोळे होतेच.

"आजवर काही झालं नाही" हेही त्याने मला ऐकवलं. लोखंड पहिल्या हिसक्याला तुटेलच असं नाही, हे मी मान्य करतो. पण प्रत्येक हिसक्याला मानेच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर पडू शकते, आणि ती रंगाखाली, गंजाखाली दिसत नाही. माझ्याकडे तुटून आलेले दांडे मी पाहिले आहेत. तुटलेल्या तोंडावर अर्धा भाग काळा, जुना असतो आणि अर्धा चकचकीत. काळा भाग आधीच्या महिन्यांत तुटत आलेला असतो, शेवटच्या दिवशी तुटतो तो फक्त चकचकीत भाग. दहा वेळा काही झालं नाही, याचा अर्थ त्या दहा वेळा निभावलं, एवढाच.

यानंतरचा मुद्दा माझ्या धंद्याचा आहे आणि त्यात दोष आमच्याही लोकांचा आहे. "वेल्डिंग एक नंबर आहे, ट्रक लटकवा पाहिजे तर," असं सांगून हिच विकल्या जातात. मी अशा गाड्या उचलून खालून बघितल्या आहेत. कुठे नळी बंपरच्या मागच्या पत्र्याच्या पट्टीला चिकटवलेली, कुठे एका बाजूला चेसिसला आणि दुसऱ्या बाजूला हवेत, कुठे ६ मिलिमीटरच्या नळीला ३ मिलिमीटरच्या पत्र्याचा आधार. बरीच माणसं हिच बसवतात ती मागून दुचाकी धडकली तर बंपर वाचावा म्हणून, किंवा गाडी रुबाबदार दिसावी म्हणून. त्या कामाला ती पुरते. पण तीच नळी एक दिवस कुणाचा तरी जीव तोलून धरणार आहे, हे बसवताना ना गिऱ्हाइकाच्या मनात असतं ना वेल्डरच्या. वेल्डिंगचा मणी वरून सुबक दिसतो, आत किती शिरला आहे ते दिसत नाही. उभा भार लटकवून वेल्डिंगची परीक्षा होते ती स्थिर भाराची. हिसका सोलतो, एका कोपऱ्यापासून उकलत जातो. ट्रक लटकवणाऱ्याने हिसका दिलेला नसतो.

इथवर वाचून काही जण मान डोलावतील. "हेच आम्ही सांगतो. हिचला हातच लावू नका." माझा वाद त्यांच्याशीही आहे, आणि तितकाच मनापासून आहे.

हिचची नळी आणि हिचचा गोळा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दोन इंची नळी, जिच्या पट्ट्या गाडीच्या दोन्ही चेसिस-दांड्यांना उच्च ताणाच्या बोल्टांनी धरलेल्या आहेत, ही बऱ्याच गाड्यांवरची मागची सर्वांत भक्कम जागा असू शकते. ओढ मधोमध येते, दोन्ही दांड्यांत वाटली जाते. याउलट "हिचला हात लावू नका" हे ऐकून माणूस वाकतो आणि बंपरखाली जे दिसेल त्याला दोर बांधतो. तिथे त्याला सापडते ती बहुधा गाडी कारखान्यातून ट्रकवर चढवताना बांधायची पातळ कडी, किंवा बंपरच्या झाकणामागच्या छिद्रात फिरवून बसवायचा डोळा, जो सपाट रस्त्यावर बंद गाडी टो करण्यापुरता असतो. टो करणं आणि रुतलेली गाडी काढणं ही दोन कामं आहेत. २०१७ पर्यंत लागू असलेल्या १९८९ च्या रस्ता-नियमांत टो करताना दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरपेक्षा जास्त असू नये असं सांगितलं होतं; नऊ मीटरचा पट्टा त्या कामाचा नाहीच. सरसकट बंदी घालणाऱ्याने माणसाला भक्कम जागेवरून उठवून कमजोर जागेवर नेऊन बसवलं, आणि वर आपण सुरक्षिततेचा सल्ला दिला असं समाधान मानलं. हे मला पटत नाही.

नळी वापरायची ती अशी. गोळ्याची जीभ पूर्ण बाहेर काढायची. नळीत भरीव लोखंडी ठोकळा घालायचा, ज्याच्या बाहेरच्या टोकाला शॅकल (पिनेने बंद होणारी यू-आकाराची कडी) बसतो. ठोकळा नळी भरून टाकतो आणि पिन त्याच्यातून आरपार जाते. आमच्याकडे काही जण ठोकळ्याचा खर्च वाचवून पट्ट्याचा फासच नळीत सारतात आणि तो पिनेवर अडकवतात. यात गोळ्यासारखं काही उडत नाही, म्हणून अडीनडीला आणि सावकाश ओढीला ते गोळ्यापेक्षा शतपटींनी बरं. पण पिनेवर काय होतं ते पाहा. १६ मिलिमीटरची साध्या लोखंडाची पिन दोन बाजूंनी कातरून तोडायची तर दहा टनांच्या आसपास जोर लागतो. तीच पिन मधोमध पट्टा घेऊन नळीच्या दोन भिंतींवर टेकली की दीड-दोन टनांतच वाकू लागते. ठोकळा असला की भार भिंतींच्या अगदी लगत पिनेवर येतो, तिला वाकायला जागाच उरत नाही, आणि दहा टनांची ताकद कामाला येते. वाकलेली पिन नळीतून निघत नाही. मी अशा पिना ग्राइंडरने कापून काढल्या आहेत, आणि प्रत्येक वेळी गिऱ्हाईक म्हणालं आहे की पिन हलक्या दर्जाची होती. पिन ठीक होती. तिला जे काम दिलं ते चुकीचं होतं.

शॅकल आकडा कोरलेला घ्यावा. १९ मिलिमीटरच्या चांगल्या शॅकलवर पावणेपाच टन कोरलेलं असतं आणि तो आकडा कामाच्या भाराचा असतो. ज्याच्यावर काहीच कोरलेलं नाही तो फाटकाला लावावा. ओढ नळीच्या सरळ रेषेत ठेवावी. तिरकी ओढ नळीला बाजूला पिरगाळते आणि ते सोसायला ती केलेली नाही. पट्ट्याच्या मध्यावर ओलं गोणपाट किंवा जाड जाकीट टाकावं, म्हणजे काही तुटलं तर पट्टा जमिनीकडे जातो. बघ्यांनी पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट लांब उभं राहावं. बोलेरो, थार, जिम्नी या वेगळी चेसिस असलेल्या गाड्यांबद्दल मी हे लिहितो आहे. ज्या गाड्यांना वेगळी चेसिसच नाही, अंगच सांगाडा आहे, त्यांच्या मागे कितीही भक्कम नळी लावली तरी ती शेवटी पत्र्यालाच धरलेली असते. त्यांना हिसका नकोच.

शेवटी राहिला घाईचा मुद्दा. "एवढं सगळं करायला वेळ कुठं आहे? पाऊस कोसळतोय, पाणी चढतंय." तो पोरगा हे म्हणाला तेव्हा पाणी कुठेही चढत नव्हतं. ढोपरभर चिखल होता आणि शेजारच्या शेतात लावणीला आलेल्या बायका काम थांबवून बघत होत्या. त्यांच्यातल्या एका मावशींनीच खोरं दिलं. आम्ही चारही चाकांच्या पुढची माती वीस मिनिटं उपसली, पोटाखाली टेकलेलं ढेकूळ काढलं, चाकांची हवा निम्म्यावर आणली. गोळ्याची जीभ काढून नळीत माझ्या गाडीतला ठोकळा बसवला. पट्टा आधी ताठ केला, जसं दाजी साखळी करतात, आणि पहिल्या लो गिअरमध्ये थार हळूच पुढे घेतली. रुतलेली गाडी कसलाही हिसका न देता बाहेर आली. आधी जी ओढ लागणार होती ती उपशानंतर किती उरली ते मी मोजलं नाही, पण पट्टा पुरता ताणलाही गेला नव्हता. खोऱ्याने जेवढा चिखल काढाल तेवढी ओढ कमी लागते, आणि खोरं तुटून कुणाच्या छातीत शिरत नाही.

माझ्या शेडमध्ये आता गोळा लावलेली गाडी आली की मी आधी विचारतो, मागे ट्रेलर कोणता ओढता? बहुतेकांकडे ट्रेलर नसतोच. मग गोळा गाडीला कशासाठी? तो काढून मी मालकाच्या हातात देतो. काही रागावतात, दुसऱ्या शेडकडे जातात. जाऊ देत. बंपरच्या पट्टीला चिकटवलेली नळी मी दुरुस्त करत नाही, कापून टाकतो, आणि परत बसवायची तर दोन्ही दांड्यांना बोल्टांनीच बसवतो. माझ्या जातभाईंना, उद्यमबागेपासून निपाणीपर्यंत शटर उघडून बसलेल्या प्रत्येक वेल्डरला, माझी हात जोडून विनंती आहे की हेच करा. एका गिऱ्हाइकाचे पैसे गेले तरी चालतील.

आणि ज्यांच्या दारात अशी गाडी उभी आहे त्यांनी पुढचा पाऊस सुरू व्हायच्या आत एक दिवस सकाळी जमिनीवर पोतं अंथरून गाडीखाली शिरावं, बॅटरी मारून नळी कशाला धरली आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं, आणि गोळा काढून घरात ठेवावा.